तंत्रज्ञानात बायका कमी आहेत की कमी झाल्या?

अमेरिकेत १९८४ साली कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्या दर १०० विद्यार्थ्यांमध्ये ३७ मुली होत्या. पुढच्या पंचवीस वर्षांत हा आकडा घसरत घसरत १८ च्या आसपास आला. याच काळात तिथे वैद्यकीय आणि कायद्याच्या शिक्षणात मुली जवळपास निम्म्या झाल्या. गणिताच्या पदवीत तर त्या सगळा काळ ४० टक्क्यांच्या वरच राहिल्या.

हे आकडे मी सुरुवातीलाच मांडते, कारण हा विषय निघाला की पहिल्या दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, “मुलींना मुळात त्याची आवडच कमी.” आवड नव्हती, तर १९८४ साली त्या ३७ जणी आल्या कुठून? गणिताची भीती म्हणावी, तर गणिताचे वर्ग ओस पडायला हवे होते. पंचवीस वर्षांत माणसाचा मेंदू बदलत नाही, भोवतालची व्यवस्था बदलते. त्यामुळे बायका कमी ‘का आहेत’ यापेक्षा त्या कमी ‘कशा झाल्या’ हे विचारणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. कारण या दुसऱ्या प्रश्नाला तारखा आहेत, घटना आहेत, आणि ठरवून घेतलेले निर्णय आहेत.

कॉम्प्युटर नावाची नोकरी

‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्राला चिकटण्याआधी ते एका नोकरीचं नाव होतं. दिवसभर बसून आकडेमोड करणारी व्यक्ती म्हणजे कॉम्प्युटर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे काम मोठ्या प्रमाणावर बायकांकडे आलं. हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी आकाशाच्या छायाचित्रांचा अभ्यास करायला बायकांचा एक गटच नेमला होता. त्या काटेकोर काम करत आणि पुरुषांपेक्षा खूप कमी पगारात करत. त्यांच्यापैकी हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होण्याचा काळ आणि त्यांचं मूळ तेज यांतला संबंध नेमका मांडला. दूरच्या दीर्घिकांची अंतरं पुढे याच नियमावर मोजली गेली. लेव्हिट यांना तासाला ३० सेंट मिळत.

काम डोक्याचं आणि दर्जा कारकुनाचा, ही विभागणी इथे सुरू झाली. यंत्रं आल्यावरही ती तशीच पुढे आली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला तोफांच्या माऱ्याची कोष्टकं हवी होती. कोणत्या कोनात तोफ ठेवली, वारा किती असला, तर गोळा कुठे पडेल याची. एकेका गोळ्याच्या मार्गाचं गणित हाताने करायला कित्येक तास लागत. ते झटपट व्हावं म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिअ‍ॅक हे यंत्र बांधलं गेलं. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. ते चालवायला गणिती कॉम्प्युटरांमधूनच सहा जणी निवडल्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन.

त्यांच्यासमोर काय होतं, याची नीट कल्पना करून बघा. प्रोग्रॅमिंगची भाषा नाही. मॅन्युअल नाही. आधी उदाहरण घालून दिलेलं कोणी नाही. सुरुवातीला तर गोपनीयतेच्या नियमांमुळे त्यांना यंत्राच्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती. हातात होते ते यंत्राचे आराखडे. त्यावरून त्यांनी यंत्र समजून घेतलं, अडलं तिथे इंजिनिअरांना विचारलं, आणि मोठं गणित बारीक बारीक टप्प्यांत तोडून ते तारा आणि स्विचांच्या जोडणीत कसं बसवायचं हे स्वतः शोधून काढलं. यंत्र बिघडलं की हजारो नळ्यांमधली नेमकी कोणती गेली, हेही त्या सांगू लागल्या. आज ज्याला आपण प्रोग्रॅमिंग आणि डीबगिंग म्हणतो ते हेच.

१५ फेब्रुवारी १९४६ ला या यंत्राचं मोठं प्रात्यक्षिक ठरलं. गोळ्याच्या मार्गाचा प्रोग्रॅम जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसवला होता. आदल्या रात्री उशिरापर्यंत एक चूक सापडत नव्हती: गोळा जमिनीवर आदळल्यावरही यंत्र पुढचं गणित करतच राहायचं. स्नायडर विचार करतच झोपल्या, आणि सकाळी येऊन त्यांनी बरोबर तोच स्विच बदलला. प्रात्यक्षिक झकास झालं. खरा गोळा हवेतून जायला जितका वेळ घेतो त्याहून कमी वेळात यंत्राने त्याचा मार्ग काढून दाखवला. संध्याकाळी पाहुण्यांना मेजवानी होती. जेनिंग्ज यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, तिचं निमंत्रण या दोघींना नव्हतं.

मेजवानी ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट सरकारी दप्तरात होती. गणिती कॉम्प्युटर म्हणून या मुलींना जी श्रेणी होती तिचं नाव होतं ‘उप-व्यावसायिक’. यंत्राचं लोखंड आणि तारा जोडणं हे इंजिनिअरिंग, म्हणून पुरुषांचं. त्या यंत्राला काय करायचं ते सांगणं हे कारकुनी, म्हणून बायकांचं. म्हणजे या क्षेत्रात बायका आल्या त्या कोणी मोठ्या मनाने दार उघडलं म्हणून नव्हे. ते काम महत्त्वाचं आहे हे तेव्हा कोणाला कळलेलंच नव्हतं, म्हणून दार बंद करायची गरज पडली नाही.

काम मोठं झालं आणि दार अरुंद झालं

पुढच्या दोन दशकांत कळलं. यंत्र विकत घेता येतं, पण त्याच्याकडून काम करून घेणं हीच खरी अवघड गोष्ट आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली, माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत जुळवून देणारा प्रोग्रॅम तयार केला. अशा प्रोग्रॅमला कम्पायलर म्हणतात. इंग्रजी शब्द वापरून प्रोग्रॅम लिहिता यावेत हा त्यांचा आग्रह होता, आणि १९५९ मध्ये आकाराला आलेल्या कोबोल या भाषेवर त्यांच्या कामाची स्पष्ट छाप आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरायला काही मिनिटं उरली असताना त्याच्या कॉम्प्युटरवर कामाचा अतिभार आल्याच्या धोक्याच्या सूचना येऊ लागल्या. सॉफ्टवेअरने कमी महत्त्वाची कामं बाजूला टाकून उतरण्याचं काम चालू ठेवलं. ते सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या विभागाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन होत्या.

अशी नावं अजून पुष्कळ देता येतील, पण यादी मी लांबवत नाही. थोर स्त्रियांच्या याद्या वाचून ‘त्या अपवाद होत्या’ एवढंच मनात राहतं, आणि तेच खरं नाही.

या कामाला पैसा आणि प्रतिष्ठा आली, तशी प्रोग्रॅमरांची प्रचंड टंचाई झाली. मग कंपन्यांनी माणसं निवडायला चाचण्या आणल्या. १९६६ साली विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रॅमरांच्या आवडीनिवडी तपासल्या. त्यांतल्या बायका फक्त १८६. या दोघांनी काढलेल्या निष्कर्षांपैकी एक असा की प्रोग्रॅमरांना कोडी आवडतात, आणि दुसरा असा की त्यांना माणसांत फारसा रस नसतो. पहिला समजण्यासारखा आहे. दुसरा चांगला प्रोग्रॅमर असण्याशी जोडायला काहीच आधार नव्हता, पण अशा मोजपट्ट्या वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या. अबोल, एकलकोंड्या माणसाला निवडायचं, मग अशीच माणसं जास्त दिसायला लागतात, आणि मग पुढच्या निवडीत ‘प्रोग्रॅमर असाच असतो’ हा पुरावा म्हणून तीच दाखवायची. स्वतःचंच शेपूट गिळणारं हे वर्तुळ आहे. आजही सिनेमात प्रोग्रॅमर दाखवायचा म्हटलं की अंधाऱ्या खोलीतला एकटा मुलगाच डोळ्यांसमोर येतो.

१९८० च्या दशकात घरगुती कॉम्प्युटर आले. त्यांच्या जाहिरातींत मुख्यतः मुलगे आणि बाप दिसत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून पाहिलं, तेव्हा घराघरातली तीच गोष्ट समोर आली. कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत असायचा. मुलगी त्याला हात लावायची, पण भावाला विचारून. मुलगा कॉलेजात यायचा तो चार-पाच वर्षं खुडबुड करून, आणि मुलगी यायची ती गणितात हुशार असून कोड पहिल्यांदाच बघणारी. पहिल्या वर्गात शिक्षकही धरून चालत की एवढं तर सगळ्यांना येतच असेल. मग तिला वाटायचं, आपल्यात काहीतरी कमी आहे. तिच्यात कमी होती ती फक्त खुडबुडीची चार वर्षं.

‘आवड’ नावाची पळवाट

वरचं निदान खरं असेल, तर व्यवस्था बदलल्यावर आकडे बदलायला हवेत. बदलले का?

कार्नेगी मेलनमध्ये १९९५ साली कॉम्प्युटर सायन्सच्या नव्या तुकडीत मुली ७ टक्के होत्या. विद्यापीठाने प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला अवाजवी वजन देणं थांबवलं. पूर्वी कोड लिहिलेल्यांसाठी आणि न लिहिलेल्यांसाठी सुरुवातीचे वर्ग वेगळे केले. २००० सालच्या तुकडीत मुली ४२ टक्के झाल्या. आणि अभ्यासातून हेही दिसलं की शेवटी कोण यशस्वी होतं याचा आधीच्या अनुभवाशी फारसा संबंध नसतो.

अमेरिकेतल्याच हार्वी मड या कॉलेजात मारिया क्लावे २००६ मध्ये प्रमुख म्हणून आल्या. तिथेही पहिल्या कोर्सचे दोन गट केले आणि प्रोग्रॅमिंगची भाषा सोपी निवडली. यातली खोच वर्गात बसलेल्यांनाच कळेल. ज्याला आधीपासून येतं तो शिक्षकाला असा प्रश्न विचारतो की ज्यातून त्याला किती येतं ते दिसावं. बाकीचे तो प्रश्न ऐकून गप्प होतात. आधीपासून येणारे वेगळ्या खोलीत बसवले की उरलेल्या खोलीत प्रश्न विचारायची हिंमत येते. काही वर्षांत तिथल्या कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीत मुलींचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास गेलं. अभ्यासक्रम हलका केला नव्हता.

मलेशियाचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. तिथल्या विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात कित्येक वर्षं मुली निम्म्या किंवा निम्म्याहून जास्त आहेत. संशोधकांनी कारण विचारलं, तर उत्तर आलं: हे काम ऑफिसात बसून करायचं, अंगमेहनतीचं नाही, सुरक्षित आहे, म्हणजे बायकांना साजेसं! एका देशात हेच काम ‘स्वभावतःच’ पुरुषांचं आणि दुसऱ्या देशात ‘स्वभावतःच’ बायकांचं. यातला ‘बायकांना साजेसं’ हा विचार मला पटत नाही. पण स्वभावाचं कारण किती सहज उलटं फिरवता येतं हे त्यातून स्वच्छ दिसतं.

आत आल्यावर काय होतं

कंपन्यांना ‘पाइपलाइन’ हा शब्द आवडतो. म्हणजे कॉलेजातूनच मुली कमी येतात, आम्ही तरी काय करणार. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं असं की नळाला पाणी सोडलं तरी नळ मधेच गळतो. आलेल्या मुली दहा-बारा वर्षांत, म्हणजे अनुभव सगळ्यात कामाला येतो नेमक्या त्याच वयात, बाहेर पडतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत विज्ञान, इंजिनिअरिंग आणि तंत्रज्ञानाच्या खासगी कंपन्यांमधल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के बायका, करिअरच्या मध्यावर काम सोडतात असं दिसलं होतं.

का सोडतात? फार मोठा अन्याय एका दिवशी होतो असं बहुधा नसतं. रोजच्या साध्या गोष्टी साचत जातात.

मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं? नव्या मुलाला टीममध्ये रुळवायला कोण वेळ देतं? दोन टीमचं भांडण कोण मिटवतं, जुनं डॉक्युमेंटेशन कोण नीट करतं, निरोपसमारंभाची वर्गणी कोण गोळा करतं? ही कामं झाली नाहीत तर प्रोजेक्ट कोसळतो. पण अप्रेझलच्या फॉर्मवर यांसाठी रकाना नसतो. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतःला काही फायदा नसलेलं पण कोणीतरी करायलाच हवं असं काम मिश्र गटांसमोर ठेवलं. बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढे आल्या. नेमून देणारा माणूस असला, तर त्यानेही बायकांनाच ४४ टक्के जास्त वेळा विचारलं. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा निकाल: गटात फक्त बायका किंवा फक्त पुरुष असले, की हा फरक नाहीसा होतो. पुरुषांच्या गटात पुरुष बिनतक्रार पुढे येतात. म्हणजे हा कोणाच्या स्वभावाचा भाग नाही. ‘ती करेल’ हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं असतं, एवढंच.

मी स्वतः एका टीममध्ये दोन वर्षं मिनिट्स लिहिले. कोणी सक्ती केली नव्हती, पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी वही उघडली. लिहिणारा माणूस बोलत नाही, हे कळायला मला वेळ लागला. डिझाइनचा वाद चालू असताना मी दुसऱ्यांची वाक्यं पुरी करत होते.

मग येतं अप्रेझल. किएरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांमधली २४८ अप्रेझल गोळा करून वाचली. टीका असलेली बायकांची अप्रेझल ९४ होती, आणि त्यांपैकी ७१ मध्ये स्वभावावर शेरे होते: सूर जरा खाली घ्या, तुम्ही कडक वाटता, समोरच्याला बोलू द्या. पुरुषांच्या टीका असलेल्या ८३ अप्रेझलमध्ये असे शेरे किती? दोन. पुरुषांना सांगितलं गेलं की अमुक कौशल्य वाढवा. फरक नीट बघा. कौशल्य वाढवता येतं, कोर्स करता येतो, पुढच्या वर्षी दाखवता येतं. ‘तुमचा सूर’ कसा वाढवणार? त्या शेऱ्याने माणूस सुधारत नाही, फक्त बोलायचा थांबतो. आणि पुन्हा पुढच्या वर्षी ‘पुढाकार कमी पडतो’ असा शेरा येतो.

कोडला स्वतःचा सूर नसतो, म्हणून एक अभ्यास इथे सांगते. गिटहब या वेबसाइटवर जगभरचे प्रोग्रॅमर एकमेकांच्या प्रकल्पांत बदल सुचवतात, आणि प्रकल्पाचे मालक ते स्वीकारतात किंवा नाकारतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात बायकांचे बदल सुमारे ७९ टक्के वेळा स्वीकारले गेले, पुरुषांचे सुमारे ७५ टक्के वेळा. पण बदल सुचवणारी व्यक्ती प्रकल्पात नवखी असेल आणि ती बाई आहे हे प्रोफाइलवरून कळत असेल, तर चित्र उलटतं. तिथे पुरुषांचे बदल जास्त स्वीकारले जातात.

या सगळ्याची बेरीज दिसते ती पहिल्या बढतीत. साध्या इंजिनिअरवरून मॅनेजर होण्याच्या या टप्प्याला ‘तुटलेली पायरी’ म्हणतात. अमेरिका आणि कॅनडातल्या कंपन्यांच्या २०२४ च्या पाहणीत, पहिल्यांदा मॅनेजर झालेल्या दर १०० पुरुषांमागे ८१ बायका होत्या. हा सगळ्या क्षेत्रांचा मिळून आकडा आहे. १०० आणि ८१, फार फरक वाटत नाही. पण समजा पुढच्या दोन पायऱ्यांवरही असंच झालं, तर ८१ चे ६६ होतात आणि ६६ चे ५३. कोणी कुठे दार बंद केलं नाही, तरी तिसऱ्या मजल्यावर दोन पुरुषांमागे एक बाई. वरच्या मजल्यावर बायका का नाहीत हे शोधायला लोक वरच्या मजल्यावर जातात. गळती पहिल्या जिन्यात असते.

अधाशी नोकरी

आता सगळ्यात मोठं कारण. ते समजावून सांगणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं.

काही नोकऱ्या अशा असतात की दुप्पट तास काम केलं तर पगार दुपटीहून जास्त मिळतो. पण अट अशी की ते तास कंपनी म्हणेल तेव्हाचे हवेत: रात्री अकरा, रविवारी दुपारी, सुट्टीत. गोल्डिन अशा नोकरीला अधाशी म्हणतात. दोन सारख्याच हुशार प्रोग्रॅमरांचं लग्न होतं, मूल होतं. मूल आजारी पडलं तर शाळेचा फोन कोणीतरी उचलायला हवा. दोघांनीही अधाशी नोकरी केली तर फोन उचलायला कोणी नाही. दोघांनीही लवचीक नोकरी घेतली तर घरात पैसे बरेच कमी येतात. म्हणून एक अधाशी नोकरीत राहतो आणि दुसरी लवचीक नोकरीकडे वळते. हिशोबाने हा निर्णय शहाणपणाचाच असतो. पण घराघरात तो एकाच बाजूने घेतला जातो, आणि दहा वर्षांनी दोघांच्या पगारात आणि पदात दरी पडते.

तंत्रज्ञानातला अधाशीपणा ऑन-कॉलमध्ये, म्हणजे बिघाड झाला की केव्हाही हजर व्हायच्या पाळीत, स्पष्ट दिसतो. रात्री दोनला प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली प्रणाली, बंद पडली. हा भाग फक्त एकालाच माहीत आहे, म्हणून त्याला उठवलं. त्याने पहाटेपर्यंत बसून दुरुस्त केलं. सकाळी सगळ्यांना त्याच्या कौतुकाचा ईमेल. जिने आपला भाग असा बांधला की तो रात्री पडतच नाही, आणि पडला तरी कोणीही उघडून दुरुस्त करू शकेल असं लिहून ठेवलं, तिला ईमेल येत नाही. वीर ठरतो तो आग विझवणारा.

हे बदलता येतं याचा गोल्डिन यांनी दिलेला दाखला औषधविक्रीच्या क्षेत्रातला आहे. पूर्वी फार्मासिस्ट म्हणजे स्वतःचं दुकान, दिवसरात्र तोच जबाबदार. मग साखळी दुकानं आली, औषधं प्रमाणित झाली, रुग्णाची सगळी माहिती कॉम्प्युटरवर आली. आता एका फार्मासिस्टच्या जागी दुसरी उभी राहिली तरी ग्राहकाचं काही अडत नाही. त्यामुळे तिथे कमी तास काम करणाऱ्याला तासाचा दर जवळपास तेवढाच मिळतो, आणि अमेरिकेत या व्यवसायात बायका निम्म्याहून जास्त आहेत. ही मुभा मिळाली ती कॉम्प्युटरमुळे. माझ्या मते आपल्या व्यवसायाने स्वतःसाठी हे आधी करायला हवं होतं. एकाच्या डोक्यात अडकलेली माहिती ही कंपनीच्या दृष्टीनेही धोकाच आहे. दोघांना येईल असा कोड, लिहून ठेवलेल्या दुरुस्तीच्या पायऱ्या, पाळीपाळीने ठरलेला ऑन-कॉल: याने बायका टिकतात, पुरुषांनाही झोप मिळते.

एका बाईने हे साठ वर्षांपूर्वी करून दाखवलं. स्टेफनी शर्ली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर सॉफ्टवेअर कंपनी काढली, आणि लग्नानंतर किंवा मुलं झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर बायकांना घरून काम दिलं. तेव्हा कोड कागदावर लिहिला जाई आणि पोस्टाने पाठवला जाई. पत्रांना उत्तरं येईनात, म्हणून त्यांनी स्टेफनीऐवजी ‘स्टीव्ह’ अशी सही करायला सुरुवात केली. मग येऊ लागली. फोनवर मुलांचे आवाज ऐकू जाऊ नयेत म्हणून त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांमध्ये पुरुष तीन. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग या बायकांनी घरात बसून केलं.

याची झळ कोणाला

फक्त नोकरी करणाऱ्या बायकांना, असं नाही. २०१४ मध्ये अ‍ॅपलने आरोग्याच्या सगळ्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप आणलं. रक्तदाबापासून सूक्ष्म अन्नघटकांपर्यंत सगळं होतं. मासिक पाळीची नोंद मात्र करता येत नव्हती. ती सोय पुढच्या वर्षी आली. कोणाचा वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. ज्या गोष्टीची रोज गरज पडते ती आठवते, पडत नाही ती सुचत नाही.

आता निर्णय यंत्रं घेऊ लागली आहेत, त्यामुळे हा विसर महाग पडतो. अ‍ॅमेझॉनने रिझ्युमे चाळायला एक प्रणाली तयार केली होती. तिला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दाखवून शिकवलं. ते बहुतेक पुरुषांचे होते, म्हणून रिझ्युमेमध्ये ‘महिला’ हा शब्द आला, जसं महिलांच्या बुद्धिबळ क्लबची कप्तान, की ती गुण कमी करायची. कंपनीने प्रणाली सोडून दिली, आणि २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. हे तपासावं असं बुओलाम्विनी यांना सुचलं, कारण चेहरा ओळखणारं एक सॉफ्टवेअर त्यांचा चेहरा ओळखेना, आणि पांढरा मुखवटा घातल्यावर ओळखलं.

स्वतःची कंपनी काढणाऱ्या बायकांचं वेगळं. गुंतवणूकदारांसमोरच्या सादरीकरणांचा अभ्यास झाला, तेव्हा पुरुषांना विचारलेले ६७ टक्के प्रश्न ‘किती वाढाल’ या प्रकारचे निघाले, आणि बायकांना विचारलेले ६६ टक्के ‘बुडणार नाही ना’ या प्रकारचे. बचावाच्या प्रश्नाला बचावाचं उत्तर दिलं की माणूस लहान दिसतो. ज्यांनी त्याच प्रश्नाला वाढीचं उत्तर दिलं, त्यांना कितीतरी जास्त पैसा मिळाला. कोणी सादरीकरण करणार असेल तर एवढं जरूर लक्षात ठेवा.

आणि टीम चालवणाऱ्यांसाठी, पैसे न लागणारी तीन कामं. मिनिट्स आणि नव्यांना रुळवण्याची पाळी लावा, स्वेच्छेवर सोडू नका. ऑन-कॉलच्या यादीत प्रत्येक भागासमोर दोन नावं आहेत का ते पाहा, एकच असेल तर दुसऱ्याला शिकवण्याचं काम पुढच्या महिन्याच्या नियोजनात टाका. तिसरं, मागच्या वर्षी तुम्ही लिहिलेली सगळी अप्रेझल काढा, नावं झाकायला कोणाला तरी सांगा, आणि प्रत्येक शेऱ्यापुढे लिहा: हा कामावर आहे की सूरावर. मग नावं उघडा.